ठिणगीचा पाटकरी

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुधा गाड्यांच्या आणि कारखानदारांच्या नावांनी सांगितला जातो. बेन्झची गाडी, फोर्डची गाडी, वालचंदांची गाडी. पण गाडी ज्या शेकडो लहान वस्तूंच्या आधाराने चालते, त्यांचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. आम्ही येथे अशाच एका वस्तूविषयी लिहिणार आहोत. गॅरेजात तिला 'डिस्ट्रिब्युटर' म्हणतात. परिभाषेच्या मराठीत ती 'वितरक' आहे. एखादा देश स्वतःची मोटार बनवतो म्हणजे नेमके काय बनवतो, हा प्रश्न या तळहाताएवढ्या वस्तूपाशी आला की फार स्पष्ट होतो, असे आमचे मत आहे.

वितरकाचे काम खानदेशच्या माणसाला समजावून सांगायला परदेशी उदाहरणाची गरज नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती भिजत असे, तेव्हा बंधाऱ्यातून निघालेले पाणी ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळी एकेका फडाला सोडण्याचे काम पाटकरी करी. पाणी एक, पाट एक, शेते अनेक. पाटकऱ्याने क्रम चुकवला किंवा वेळ टाळली तर पाणी असूनही पीक जाई. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात वितरक हेच करतो. कॉइलमधून येणारा उच्च दाबाचा प्रवाह एकच असतो. मधोमध फिरणारा रोटर तो प्रवाह टोपीच्या आतील चार टोकांना क्रमाने पोचवतो आणि तेथून तो चार जाड तारांनी चार प्लगांकडे जातो. हा क्रम सरळ एक-दोन-तीन-चार असा नसतो. फियाट अकराशेच्या इंजिनात तो एक-तीन-चार-दोन असा आहे.

त्याच डबीत आणखी एक काम चालते आणि ते अधिक नाजूक आहे. बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा. प्लगच्या टोकांमधील फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. वितरकाच्या दांड्यावरील उंचवटे 'पॉइंट' नावाची दोन टोके उघडतात, कॉइलमधील प्राथमिक प्रवाह एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर वितरकाचा दांडा १,५०० फेरे घेतो आणि सेकंदाला १०० ठिणग्या वाटतो. प्रत्येक ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. त्या गतीला इंजिनाच्या एका अंशाचा फरक म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. एवढ्या अचूकपणाची अपेक्षा एका उंचवट्याकडून, एका स्प्रिंगकडून आणि दोन घासलेल्या टोकांकडून केली जाई आणि ती बव्हंशी पुरीही होई, याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते.

या वस्तूचा जनक कोण, हे विचारू नये. पॅरिसमध्ये लेनुआर यांनी १८६० साली कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले, त्यात विजेची ठिणगी होती आणि ती सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाटावी लागे. म्हणजे वाटणीचा प्रश्न मोटारगाडीहून जुना आहे. १८८६ च्या बेन्झ यांच्या तीनचाकी गाडीला एकच सिलिंडर होता. तेथे वाटायचे काही नव्हते, पण ठिणगी वेळेवर पाडणे हीच त्यांना सर्वांत मोठी अडचण वाटत होती. डाइमलर यांनी तर विजेचा नादच सोडला आणि बाहेरून तापवून लाल केलेल्या नळीने इंधन पेटवले. ती नळी इंधन पेटवी, मात्र केव्हा पेटवायचे हे तिला सांगता येत नसे. सिलिंडर दोनाचे चार झाले, वेग वाढला, तशी 'केव्हा' आणि 'कुणाला' या दोन प्रश्नांची गाठ पडली. वितरक हा त्या गाठीचा परिणाम आहे.

तोवर 'केव्हा' ठरवण्याचे काम पुष्कळसे चालकाच्या हातात होते. सुकाणूपाशी एक दांडी असे. गाडी हळू असताना ठिणगी मागे ओढायची, वेग घेतला की पुढे ढकलायची. हँडल मारताना दांडी मागे घ्यायला विसरले तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) चार सिलिंडरना चार स्वतंत्र कॉइली एका लाकडी पेटीत असत आणि फक्त कमी दाबाचा प्रवाह एक फिरता 'टायमर' वाटून देई. ही व्यवस्था गबाळी होती, तरी दीड कोटी गाड्या तिच्यावर चालल्या. इतिहास नेहमी उत्तम यंत्राच्या बाजूने असतोच असे नाही.

खरी स्पर्धा झाली ती मॅग्नेटो आणि बॅटरी यांच्यात. श्टुटगार्टचे रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये कारखान्यांतील स्थिर इंजिनांसाठी मॅग्नेटो बनवला. चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे फिरवून वीज काढायची. बॅटरीची गरज नाही. १८९७ मध्ये तो एका द दिओं-बुतों तीनचाकीवर बसवला गेला, आणि बॉश यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यात ठिणगी निर्माण करणे आणि ती वाटणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रात आली. अमेरिकेत ॲटवॉटर केंट आणि डेल्को कंपनीचे चार्ल्स केटरिंग यांनी दुसरा मार्ग धरला: बॅटरी, एक कॉइल, एक तोडणारा पॉइंट आणि एक वाटणारा रोटर. केटरिंग यांची योजना कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांत आली. दोन वर्षांनी त्याच कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे मिळाले, तेव्हा पारडे फिरले. दिव्यांसाठी आणि स्टार्टरसाठी बॅटरी व डायनामो गाडीत ठेवावेच लागणार असतील, तर ठिणगीसाठी महागडा मॅग्नेटो कशाला? खुद्द बॉश कंपनीनेही १९२५ मध्ये बॅटरीवरील प्रज्वलन बाजारात आणले. मॅग्नेटो विमानांत, ट्रॅक्टरांत आणि मोटारसायकलींत उरला.

पण त्याआधीच्या एका प्रसंगापाशी आम्हांला थांबावेसे वाटते. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन जर्मनीशी युद्धात उतरले आणि काही आठवड्यांतच लक्षात आले की ब्रिटिश लष्कराच्या लॉऱ्या आणि विमाने ज्या मॅग्नेटोंवर चालतात ते जवळजवळ सगळे श्टुटगार्टहून येतात. जगभर साम्राज्य, जगभर आरमार, आणि ठिणगी शत्रूच्या घरची! मॅग्नेटो करणारा थॉमसन-बेनेट हा बर्मिंगहॅमचा एक लहान कारखाना तेवढा हाताशी होता. त्याच वर्षी तो जोसेफ ल्युकस यांच्या कंपनीने घेतला. हे ल्युकस मूळचे बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत हातगाडीवरून घासलेट विकणारे. पुढे त्यांनी सायकलींचे दिवे केले. ते १९०२ मध्ये वारले होते, पण त्यांची कंपनी या युद्धाच्या गरजेतून वाहनांच्या वीजसाहित्यातील बडी कंपनी झाली. तिकडे अमेरिकेने १९१८ मध्ये बॉश यांचा आपल्या देशातील कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला. मोटारीचा सांगाडा, चाके, गाद्या कुठेही होऊ शकतात. ठिणगीची वस्तू मात्र ज्याच्याकडे आहे तो दुसऱ्याची गाडी थांबवू शकतो, हे युरोपातील राज्यकर्ते त्या चार वर्षांत शिकले.

हिंदुस्थानातील त्यांच्या सरकारने मात्र हा धडा आपल्या प्रजेला लागू केला नाही. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) मोटारीचा कारखाना काढायला निघाले तेव्हा दुसरे महायुद्ध तोंडावर होते. विश्वेश्वरय्यांनी योजना आखली होती, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली होती, क्रायस्लरशी बोलणी झाली होती. मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि दिल्लीच्या सरकारने पाठ फिरवली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स शेवटी १९४४ मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या त्या १९४७ मध्ये. जनरल मोटर्स मुंबईत १९२८ पासूनच गाड्या जुळवत होती, पण तिची वस्तू पेटाऱ्यांत यायची आणि येथे फक्त जोडली जायची. सुरुवातीला प्रीमियरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्याही जुळणीच्याच होत्या. हा वालचंदांचा दोष नव्हे. जोडणाऱ्याने बनवणारा व्हायचे तर आजूबाजूला कास्टिंगवाला, स्प्रिंगवाला, तारवाला, बेकलाइटच्या टोप्या करणारा असा सगळा बाजार उभा लागतो, आणि तो दोनशे वर्षांत उभा राहू दिला गेला नव्हता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने सांगितले की ज्यांना येथे गाडी बनवायची नाही त्यांनी जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. प्रीमियर राहिली आणि १९५४ पासून फियाट अकराशे काढू लागली.

आणि ठिणगी? बॉश यांच्या सहभागाने मायको ही कंपनी बंगलोरला १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिने प्लग व डिझेलचे इंधनपंप हाती घेतले. वितरकासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली. १९६१ मध्ये मदुराईच्या टीव्हीएस घराण्याने ल्युकस कंपनीशी भागीदारी करून ल्युकस-टीव्हीएस काढली आणि पुढे ॲम्बॅसडर काय, पद्मिनी काय, देशी गाड्यांच्या बॉनेटखाली याच नावाचे वितरक दिसू लागले. १९१४ मध्ये जी कंपनी परावलंबनाच्या धक्क्यातून मोठी झाली, तिच्याच हातून स्वतंत्र भारताला ठिणगीचे स्वावलंबन मिळाले. यात उपरोध आहे. पण कारागिरी हातोहात जाते आणि हात कुणाचा हे फार विचारत नाही, असेही त्यात दिसते.

आता आमच्या भागाकडे येऊ. आम्ही राहतो त्या मुक्ताईनगरवरून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादवरून, सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग जातो. त्याचा जुना क्रमांक ६, आजचा ५३. या रस्त्यावरची जड वाहतूक फार पूर्वीच डिझेलची झाली. टाटांनी १९५४ पासून डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने डिझेलचे ट्रक काढले, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. उत्तर महाराष्ट्रात मायकोचा नाशिकचा कारखाना उभा राहिला तोही डिझेलची नोझल आणि इंजेक्टर करण्यासाठी. त्यामुळे खानदेशात वितरकाची विद्या ट्रकच्या मिस्त्रीपेक्षा जीप, ॲम्बॅसडर आणि फियाट दुरुस्त करणाऱ्यांकडे राहिली.

ती विद्या कुठे लिहिलेली नाही. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे; त्यांची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. टायमिंग लावताना पॉइंटच्या फटीत पातळ कागद धरून वितरकाचा सांगाडा हळूहळू फिरवायचा आणि कागद सुटला त्या क्षणी बोल्ट आवळायचा. पावसाळ्यात गाडी दम टाकू लागली की आधी टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, कारण ओलाव्यातून प्रवाह भलत्याच टोकाला पळतो. काळ्या टोपीच्या आत केसाएवढी चीर गेली असेल तर तिच्यातूनही तो पळतो, आणि ती चीर उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. 'मिसिंग', 'बॅकफायर', 'करंट मरतोय' ही त्या विद्येची परिभाषा. ज्ञानकोशांच्या मराठीने प्लगला 'ठिणगी-गुडदी' म्हटले, डिस्ट्रिब्युटरला 'वितरक' म्हटले. शब्द चुकीचे नव्हते. मात्र ते घडवणारे आणि कॉइल हाताळणारे एकमेकांना कधी भेटले नाहीत. आज 'वितरक' म्हटले की आपल्याला गॅसची एजन्सी किंवा वर्तमानपत्राचा गठ्ठा आठवतो. मराठीत एम. ए. झालेल्या आमच्यासारख्यांनी बलुतेदारांच्या शब्दांचे संग्रह कौतुकाने वाचले, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या गॅरेजातील शब्द मात्र इंग्रजी मोडतोड म्हणून सोडून दिले. सुताराचा वाकस संग्रहात आला, मिस्त्रीचा पॉइंट आला नाही.

वितरक गेला तो कुणी हिरावून नेला म्हणून नव्हे. आधी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आला, मग प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि २००० च्या सुमारास मारुती ८०० मध्येही इंधन आणि ठिणगी दोन्हींचा हिशेब संगणक ठेवू लागला. नव्या गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते. वाटायचे काही उरलेच नाही. प्रत्येक फडाला स्वतंत्र विहीर मिळाली.

पद्मिनीचे उत्पादन एकविसावे शतक उजाडता उजाडता थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अखेरच्या काळात या टॅक्सी बहुतांशी सीएनजीवर धावत होत्या. पण वायूलाही ठिणगी लागते. इंधन बदलले तरी बॉनेटखाली एक कॉइल, एक काळी टोपी आणि चार जाड तारा होत्याच, आणि क्रम एक-तीन-चार-दोन हाच होता.