लाल रेषा आणि न झालेलं मतदान

आजचा एपिसोड एका भाषणाबद्दल. १० सप्टेंबर २०१३. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा टीव्हीवर येतात, सीरियावर हल्ला का करायला हवा हे देशाला समजावतात आणि त्याच भाषणात सांगतात, की यावरचं संसदेतलं मतदान तूर्त पुढे ढकला. म्हणजे वकिलाने जोरात बाजू मांडायची आणि मग स्वतःच पुढची तारीख मागायची, तसं काहीसं.

हे इथवर आलं कसं?

ऑगस्ट २०१२ मध्ये एका पत्रकार परिषदेत ओबामा बोलून गेले होते, की सीरियात रासायनिक अस्त्रं वापरली गेली तर ती आमच्यासाठी लाल रेषा. साधारण एका वर्षाने, २१ ऑगस्ट २०१३ ला, दमास्कसजवळच्या घौटा भागात सरीन वायूचा हल्ला झाला. अमेरिकी सरकारने मृतांचा आकडा दिला १,४२९. त्यात किमान ४२६ मुलं. झोपेत गेलेली माणसं, अंगावर एक जखम नाही. त्या रात्रीचे व्हिडिओ शोधू नका, खरंच.

भूमध्य समुद्रात क्षेपणास्त्रवाली जहाजं तयार होती. पण इराकची आठवण ताजी होती. २९ ऑगस्टला ब्रिटनच्या संसदेने पंतप्रधान कॅमेरन यांचा ठराव २८५ विरुद्ध २७२ असा पाडला. दुसऱ्या संध्याकाळी ओबामांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आपल्या चीफ ऑफ स्टाफसोबत फेऱ्या मारल्या आणि आत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं, आपण काँग्रेसची परवानगी मागू. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे!) सगळे चाट पडले.

आता खरा वाद इथे आहे. हा संविधानाचा आदर होता की पळवाट? २००७ मध्ये उमेदवार असताना ओबामा म्हणाले होते, की देशाला तातडीचा धोका नसेल तर अध्यक्ष एकट्याने हल्ला करू शकत नाही. त्या हिशोबाने बरोबर. पण २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब टाकताना याच माणसाने मतदान मागितलं नव्हतं! माझ्या मते संसदेकडे जाणं योग्यच होतं, फक्त ते सोयीने सुचलं.

आणि संसदेची गंमत बघा. ‘आम्हाला विचारा’ म्हणणाऱ्यांना खरंच विचारल्यावर घाम फुटला. सिनेटच्या परराष्ट्र समितीत ठराव १० विरुद्ध ७ असा कसाबसा निघाला. मॅकेन बाजूने, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे रँड पॉल विरोधात, डेमोक्रॅटही फुटलेले. लोकांचा बहुतांश कौल नकाराचा. त्यात परराष्ट्रमंत्री जॉन केरी म्हणाले, हल्ला अगदीच छोटा असेल. मग ओबामांना सांगावं लागलं की आमचं सैन्य नुसत्या टाचण्या टोचत नाही. छोटा म्हणावं तर कशाला करायचा, मोठा म्हणावं तर दुसरं इराक. या कात्रीतून त्यांना शेवटपर्यंत सुटता आलं नाही.

सुटका केली तीही केरींच्याच एका वाक्याने. ९ सप्टेंबरला लंडनमध्ये ते म्हणाले, असदने आठवड्याभरात सगळी रासायनिक अस्त्रं सोपवली तर हल्ला टळेल, पण तो सोपवणार नाही. रशियाचे लावरोव यांनी ते वाक्य लगेच उचललं. १४ तारखेला जिनिव्हात करार. जून २०१४ पर्यंत जाहीर केलेली सुमारे १,३०० टन रसायनं देशाबाहेर गेली. एकही क्षेपणास्त्र न सोडता! हे छोटं यश नाही, टीकाकार काहीही म्हणोत.

पण सगळं गेलं नव्हतं. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखूनवर पुन्हा सरीन पडलं. तेव्हा अध्यक्ष होते ट्रम्प. २०१३ मध्ये सीरियावर हल्ला करू नका असं ओबामांना जाहीरपणे बजावणारे हेच. त्यांनी काँग्रेसला न विचारता ५९ टॉमाहॉक सोडले.

आणि घौटा? करारात फक्त रसायनं होती. साधे बॉम्ब आणि उपासमार यांच्यावर कुणीच रेषा आखली नव्हती. पूर्व घौटाचा वेढा २०१८ पर्यंत चालला.