रत्नागिरी परिसरातील सायकल पर्यटन मार्ग

रत्नागिरी शहरातून उत्तरेस गणपतीपुळे व जयगड, दक्षिणेस पावस व जैतापूर आणि पूर्वेस सह्याद्रीतील आंबा घाट या दिशांना जाणारे रस्ते सायकल पर्यटनासाठी वापरले जातात. यांतील एकही रस्ता केवळ सायकलींसाठी बांधलेला नाही. राज्य मार्ग, राष्ट्रीय महामार्ग आणि गावांना जोडणारे अंतर्गत रस्ते यांचाच उपयोग सायकलस्वार करतात. समुद्र आणि सह्याद्रीचा माथा यांमधील सरळ अंतर येथे पन्नास किलोमीटरच्या आसपास असल्याने खाडी, कातळ आणि घाट अशी तिन्ही भूरूपे एकाच प्रवासात अनुभवता येतात. किनाऱ्याचा रस्ता सपाट व सोपा आणि घाटाचा तेवढा अवघड, हा सर्वसाधारण समज मात्र या परिसराला लागू पडत नाही.

== भूरचना आणि चढउतार ==

रत्नागिरीचा किनारा जांभ्या दगडाच्या पठारांनी बनलेला आहे. या पठारांना स्थानिक बोलीत ‘सडा’ म्हणतात. सह्याद्रीतून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांनी हे सडे ठिकठिकाणी कापले असून त्यांच्या मुखांशी खाड्या तयार झाल्या आहेत. शहराच्या दक्षिणेस भाट्ये येथे काजळी, पूर्णगड येथे मुचकुंदी, तर उत्तरेस जयगड येथे शास्त्री नदी समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतचा रस्ता सड्यावरून खाडीच्या काठापर्यंत उतरतो, पूल किंवा फेरीबोटीने पलीकडे जातो आणि पुन्हा सड्यावर चढतो. लहान ओढ्यांच्या काठी वसलेल्या गावांपाशीही हाच क्रम घडतो.

घाटात एकच लांब चढ असतो, तर किनाऱ्यावर अनेक आखूड व तीव्र चढांची बेरीज होते. शंभर मीटरचा चढ दिवसभरात सहा वेळा चढल्यास एकूण ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ एका घाटाइतकी चढण होते. त्यामुळे किनारी प्रवासाची आखणी केवळ किलोमीटर मोजून केल्यास ती फसण्याचा संभव असतो. सामान लादलेल्या सायकलीस हलके गिअर आणि चांगले ब्रेक या मार्गांवर घाटाइतकेच आवश्यक ठरतात.

== उत्तर मार्ग : गणपतीपुळे आणि जयगड ==

शिरगाव, साखरतर, आरे-वारे आणि भंडारपुळे या गावांवरून गणपतीपुळ्यास जाणारा किनारी रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा आहे. आरे-वारे येथे रस्ता समुद्रालगतच्या डोंगरावर चढतो व तेथून दोन्ही पुळणी दिसतात. गणपतीपुळ्याजवळचे मालगुंड हे कवी केशवसुत (१८६६–१९०५) यांचे जन्मगाव असून तेथे त्यांचे स्मारक आहे. पुढे रस्ता जयगड किल्ल्यापर्यंत जातो. जयगडहून शास्त्री नदीच्या खाडीपलीकडील तवसाळ येथे फेरीबोट जाते. तीत सायकल नेता येत असल्याने हेदवी, वेळणेश्वर व गुहागरकडे प्रवास सुरू ठेवता येतो.

याच पद्धतीने धोपावे–दाभोळ, वेशवी–बागमांडला आणि दिघी–आगरदांडा या फेऱ्यांचा उपयोग करून उत्तर कोकणापर्यंत लांब पल्ल्याचा प्रवास करता येतो. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या आखणीत मोठ्या खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. पुलांमुळे फेरीच्या वेळापत्रकावरील अवलंबित्व संपेल. त्याचबरोबर आजवर खाड्यांनी अडवलेली वेगवान वाहतूक या अरुंद रस्त्यांवर येण्याची शक्यता आहे.

== दक्षिण मार्ग : पावस, पूर्णगड आणि कशेळी ==

भाट्ये पूल ओलांडून हा मार्ग भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रावरून पावसकडे जातो. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील पावस येथे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांची समाधी आहे. तेथून गणेशगुळे येथे जाण्यासाठी फाटा फुटतो. मुख्य रस्ता पूर्णगड किल्ल्याजवळ मुचकुंदीची खाडी ओलांडून गावखडीच्या सुरुबनात उतरतो व पुढे कशेळीस जातो. कशेळी कनकादित्य या सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असून येथील सड्यावर हत्तीची भव्य आकृती असलेले कातळशिल्प आहे. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. आडिवऱ्याच्या महाकाली मंदिरानंतर हा मार्ग नाटे व जैतापूरकडे जातो. नाट्यापासून आंबोळगडाचा किनारा जवळ आहे.

या मार्गावर वाहने तुलनेने कमी असतात. तथापि उघड्या सड्यांवर बराच अंतरापर्यंत सावली, वस्ती वा दुकान आढळत नाही. जांभ्याचा कातळ दुपारी तापतो. म्हणून पिण्याचे पाणी खाडीकाठच्या गावांतच भरून घेणे आवश्यक असते.

== पूर्व मार्ग : आंबा घाट ==

हातखंबा, पाली, नाणीज व साखरपा या गावांवरून जाणारा हा रस्ता पूर्वीपासून रत्नागिरी–नागपूर महामार्ग म्हणून ओळखला जातो. आजच्या राष्ट्रीय महामार्ग १६६ चा तो भाग आहे. हातखंबा ते पाली हा टप्पा त्याने मुंबई–गोवा महामार्गाशी सामाईक केला आहे. साखरप्यानंतर घाटाचा सलग चढ सुरू होतो व माथ्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील आंबा हे गाव लागते. रत्नागिरीपासून हे अंतर साठ किलोमीटरहून अधिक आहे. आंब्याहून विशाळगड व पावनखिंडीकडे रस्ता जातो.

घाटमाथ्यावरून मलकापूरमार्गे अणुस्कुरा घाट गाठून येरडव, पाचल व ओणी या गावांवरून कोकणात परतता येते. हा वळसा एका दिवसात पूर्ण होण्याजोगा नाही. घाट चढायचा नसल्यास साखरप्याहून देवरुखमार्गे संगमेश्वरास जाता येते. देवरुखहून मारळ गावाजवळील मार्लेश्वर या गुहेतील शिवमंदिराकडे आणि धारेश्वर धबधब्याकडे फाटा आहे. शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावरील संगमेश्वरजवळ, कसबा येथे कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर आहे.

== ऋतू आणि वारे ==

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वाधिक अनुकूल असतो. पहाटे व सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तर दुपारी समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. त्यामुळे सकाळी घाटाकडे निघणाऱ्या सायकलस्वारास मतलई वारा समोरून लागतो. दुपारी परतताना खारा वारा समोरून येतो व उताराचा अपेक्षित लाभ काही अंशी हिरावून घेतो. परतीच्या प्रवासासाठी वेळ अधिक राखून ठेवणे त्यामुळे इष्ट ठरते.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. या काळात धबधबे पाहण्यासाठी पर्यटक येतात. मात्र शेवाळलेले रस्ते, दाट धुके आणि दरडी यांमुळे घाटातील सायकलप्रवास धोकादायक बनतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात रस्ता खचून वाहतूक विस्कळीत झाली होती. खराब हवामानात फेरीबोटीही बंद ठेवल्या जातात.

== सुरक्षितता ==

मुंबई–गोवा महामार्ग, आंबा घाट आणि जयगड बंदराकडे जाणारा निवळी–जयगड रस्ता या ठिकाणी अवजड वाहनांची वर्दळ असते. म्हणून गणपतीपुळ्यास जाण्यासाठी निवळीऐवजी आरे-वाऱ्याचा रस्ता सायकलस्वारांना अधिक सोयीचा ठरतो. खाडीकडे उतरणाऱ्या वळणांवर जांभ्याची खडी, मोकाट गुरे आणि समोरून येणारी एसटी यांचा अंदाज आयत्या वेळी येत नाही, त्यामुळे वेग आधीच कमी करावा लागतो. सूर्यास्तानंतर सड्यांवरील रस्ते जवळजवळ निर्जन होतात. अनेक टप्प्यांत मोबाइलचा संपर्कही तुटतो.

== पोहोचण्याची सोय ==

कोकण रेल्वेचे रत्नागिरी स्थानक शहराबाहेर, पूर्वेकडील चढावर आहे. सायकल पार्सल म्हणून गाडीच्या सामानडब्यातून नेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी स्थानकात नोंदणी करावी लागते. संगमेश्वर रोड व राजापूर रोड ही स्थानके याच मार्गावर आहेत. तेथून परतीची गाडी पकडल्यास वरीलपैकी काही प्रवास एकाच दिशेने करता येतात. सर्व गाड्या या स्थानकांवर थांबत नसल्याने वेळापत्रक आधी पाहणे आवश्यक असते.