तार किती जाडीची घ्यावी?

गृहसंकुलाच्या मीटररूमपासून दूरच्या बोअरवेलवर पंप बसविताना बहुधा एकच चौकशी होते : ही तार इतका प्रवाह सोसेल का? चौकशी रास्त आहे, पण अपुरी. तार न तापता किती अँपिअर वाहून नेईल, हे मुख्यतः तिच्या जाडीवर ठरते. पंपापर्यंत किती व्होल्ट पोहोचतील, हे मात्र अंतरावरही अवलंबून असते.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. लांबीबरोबर तो वाढतो, छेद वाढला की घटतो. प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्याने अंतर दुप्पट धरावे लागते. नेमके हेच पुष्कळदा विसरले जाते. समजा, २३० व्होल्टचा सिंगल फेज पंप ६० मीटरवर असून १० अँपिअर घेतो. दीडच्या तारेत (वायरमन 'दीड एमएम' म्हणतात तो व्यास नव्हे, छेदाचे क्षेत्रफळ होय) सुमारे १३.८ व्होल्ट, म्हणजे ६ टक्के दाब वाटेतच खर्ची पडतो. अडीचच्या तारेत ८.३, चारच्या तारेत ५.२ व्होल्ट. दिव्यांसाठी ३ आणि इतर उपकरणांसाठी ५ टक्के तूट ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. तेव्हा १० अँपिअर सहज सोसणारी दीडची तार येथे नापास ठरते.

अडीचची तार कागदावर उत्तीर्ण होते खरी, पण खरी कसोटी पंप सुरू होताना लागते. त्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते आणि तूटही तशीच वाढते. मोटरचे फिरविण्याचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब २० टक्क्यांनी घटला की बळ ६४ टक्क्यांवर येते. मग मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि वेळीच बंद न केल्यास वायंडिंग जळते. त्यातच तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. २० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ७० अंशांना तो सुमारे २० टक्के अधिक असतो. म्हणून येथे चारचीच तार घ्यावी. अॅल्युमिनियमची वापरायची झाल्यास तेवढ्याच तुटीसाठी छेद सुमारे १.६ पट हवा.

१२ व्होल्टच्या सौर दिव्यांचे गणित याहून कठोर. १० अँपिअर, १० मीटर अंतर आणि अडीचची तार एवढ्यातच जवळपास १.४ व्होल्ट, म्हणजे साडेअकरा टक्के दाब जातो. तेथे तार जाड करण्याआधी बॅटरीच दिव्यांजवळ ठेवता येते का, ते पाहावे.