उष्टावण : ग्रंथातले आणि चुलीवरचे

मुंबई–गोवा महामार्गावरचे लोटे आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. त्याच्या जवळच पेढे-परशुराम आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा जन्म तिथे १८८० साली झाला. धर्मशास्त्राच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा दुसरा खंड १९४१ साली निघाला. त्यात संस्कारांचे विवेचन आहे आणि अर्थातच अन्नप्राशनाचेही. तान्ह्या बाळाच्या पहिल्या घासाचा इतिहास शोधणाऱ्याला अशा ग्रंथाकडे जावेच लागते. पण तो इतिहास तिथे पुरता सापडत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

आश्वलायन गृह्यसूत्राने या संस्कारासाठी सहावा महिना सांगितला आहे, आणि पदार्थ मात्र पित्याच्या इच्छेनुसार : अन्नसमृद्धी हवी तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे तर तित्तिराचे, तेज हवे तर तूपभात. शिवाय दही, मध व तूप कालवलेले अन्न. (मध वर्षाच्या आत देऊच नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.) पारस्कराच्या यादीत वेगासाठी मासेही आहेत. मुलीसाठी विधी तोच, पण मंत्राविना. त्या दोन शब्दांच्या सूत्राने आम्हांला साऱ्या यादीपेक्षा अधिक थबकवले.

मराठीने या संस्काराला नाव दिले ते उष्टावण. एरवी तोंड लागले की अन्न बाद होते. इथे तोंड लागण्याचाच सोहळा. मामाच्या मांडीवर बसून बाळाने खीर चाटली की तो संपतो. त्यासाठी मुलाला सम महिना आणि मुलीला विषम, अशी रूढी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून सहा महिने पूर्ण होईतो केवळ अंगावरचे दूध पुरे, असे सांगितल्यावर ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ म्हणणारे निघाले. परंतु सहावा महिना म्हणजे सहा महिने पूर्ण नव्हेत, आणि मुलीचा पाचवा तर नव्हेच.

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून काय? कोकणात पेज, मऊ भात आणि नाचणीचे सत्त्व. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्या मानाने नगण्य. मोड आल्याने पिष्ट विघटते, म्हणून खीर तेवढीच पातळ राखून तिच्यात पीठ अधिक घालता येते. बाळाचे पोट लहान, तेव्हा हा फरक मोठा. नुसत्या पेजेने पोट भरते, अंग धरत नाही. ही युक्ती कुणा सूत्रकाराच्या नावावर नाही, आणि तिला सनही नाही. वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर काही खनिजेही जातात, हा आहारतज्ज्ञांचा आक्षेप तेवढा रास्त आहे.