सदाशिव पेठेतील वार

श्रावणमासातील दक्षिणा हा पेशवाईत विद्येला मिळणारा सरकारी आश्रय होता. १८१८ साली ते राज्य लयास गेले, दक्षिणेच्या रकमेचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, परंतु कोकणातून वा देशावरच्या खेड्यांतून विद्येसाठी पुण्यास आलेल्या निर्धन मुलाच्या उदरभरणाचा भार पूर्वीप्रमाणेच पेठांतील गृहस्थांवर राहिला.

सात घरी सात वार लागले, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका घरी जेवण ठरले, की मुलाचा आठवडा निभावे. एखादा वार रिकामा राहिला तर झोळी घेऊन माधुकरी मागावी, नाहीतर उपवास. पडवीत मांडलेल्या पानावर निमूट जेवून, उष्टे स्वतः काढून, त्या जागी शेण फिरवून तो शाळेची वाट धरी. त्या अन्नात वात्सल्य होते, तसा मिंधेपणाही होता. आणि तो मुलाने एकट्याने सोसावा, हे मला आजही बोचते.

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांना याच सदाशिव पेठेत हक्काचे छत्र दिले. परंतु वार ही मुख्यतः ब्राह्मण घरांनी ब्राह्मण मुलांसाठी चालविलेली व्यवस्था होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. इतर रयतेच्या मुलांसाठी शाहू महाराजांना कोल्हापुरात वसतिगृहे उभारावी लागली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. पुण्यात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली ती १९५५ मध्ये.