पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं घर

मागच्या वर्षी आमचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायचं ठरलं. आजी गेल्यापासून तो बंदच होता, आई-बाबा माझ्याकडे पुण्याला राहायला आले होते, मेंटेनन्स मात्र दर महिन्याला भरावा लागत होता. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, भावही जमला. मग त्यांच्या वकीलबाईंचा फोन आला. तीनच प्रश्न होते. मूळ करार रजिस्टर केलाय का? स्टॅम्प ड्यूटी किती भरलीय? सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का?

बाबांनी आजोबांची फाइल काढली. १९८४चा करार पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला. खाली बिल्डरची सही, आजोबांची सही, दोन साक्षीदार. रजिस्ट्रेशनचा शिक्का कुठेच नाही. तिसऱ्या प्रश्नावर बाबा म्हणाले, "अगं, शेअर सर्टिफिकेट आहे की आपल्याकडे!"

मी नोकरीत डेटाबेस सांभाळते. एखादी नोंद कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे प्रश्न मला रोज पडतात. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्याच्या बाबतीत ते कधी पडले नव्हते. म्हणून मागे जात गेले.

खरेदीखतात विकणारा हा 'लिहून देणार' असतो आणि घेणारा 'लिहून घेणार'. आजही दस्तावर हेच शब्द असतात. ते मोडी कागदांच्या काळापासून चालत आलेत. त्या कागदांत चतुःसीमा असायची, म्हणजे पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला ओढा, असं. खाली गावातल्या माणसांच्या साक्षी. वाद झाला तर गोतसभा बसायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. घर कोणाचं हे गावाला ठाऊक असायचं, कागद हा त्या आठवणीचा बॅकअप. गावातच राहणाऱ्यांसाठी ही व्यवस्था ठीक होती.

इंग्रजांना गावाच्या आठवणीचा उपयोग नव्हता, त्यांना सारा हवा होता. १८३०च्या दशकात इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. सर्व्हे नंबर त्या मोजणीतून आले. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्या वाटेने आपण सातबाऱ्यापर्यंत पोचलो. पण पाया साऱ्याचा होता: या तुकड्याचे पैसे कोणाकडून वसूल करायचे? म्हणून १९६६च्या जमीन महसूल संहितेतही भाषा जपून वापरलीय. फेरफाराची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, एवढंच. सातबारा हा मालकीचा दाखला आहे असं आपण सर्रास म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

मग रजिस्ट्रेशन कशासाठी? आजही चालणारा नोंदणी कायदा १९०८चा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवणं सक्तीचं आहे. पण दुय्यम निबंधक फक्त एवढंच पाहतो, की ही माणसं हीच आहेत का, यांनी सही केली हे त्यांना कबूल आहे का. विकणारा खरोखर मालक आहे का, याची हमी तो देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा नुसता लॉग आहे. ओळी जोडल्या जातात आणि आत्ताची स्थिती काय, हे ज्याचं त्याने वाचून काढायचं. वकील तीस वर्षांचा 'सर्च' घेतात तो यासाठीच. आपण ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो तो खरोखरच इंडेक्स आहे! पहिली सूची माणसांच्या नावांवरून, दुसरी मालमत्तेवरून. हे कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. बाबांना तो अजिबात झाला नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्सने वेगळी व्यवस्था आणली. तिथे नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि हमी सरकारची. आपल्याकडे ते आलं नाही. आपला मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा. त्याच्या ५४व्या कलमात स्वच्छ लिहिलंय, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप तयार होत नाही. हक्क येतो तो खरेदीखताने. आजोबांकडे होता तो करार.

पण फ्लॅटचं खरेदीखत कशाचं करणार? भिंतींचं? जमीन तर सगळ्यांची मिळून. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हा हा पेच आला नाही. आधी संस्था झाली, मग इमारत उभी राहिली, आणि सभासद संस्थेचेच भाडेकरू. बिल्डर आले आणि क्रम उलटला. आधी फ्लॅट विकायचे, मग सोसायटी नोंदवायची, जमीन सगळ्यात शेवटी. तो 'शेवट' बिल्डरच्या हातात.

त्यातून इतके घोळ झाले की सरकारने १९६० साली समिती नेमली आणि १९६३ साली 'मोफा' आला. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम आगाऊ घ्यायची नाही, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नियमांप्रमाणे, वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन-इमारत तिच्या नावे करून द्यायची. कायदा चांगला होता. पण जमीन हातात ठेवली तर उरलेला एफएसआय हातात राहतो, हे बिल्डरला कळत होतं, आणि चार महिने झाले की नाही हे मोजत कोणी बसलं नव्हतं. लोकांना पझेशन मिळालं होतं, पाणी येत होतं, सत्यनारायण झाला होता.

पाच रुपयांचं कोडंही इथेच सुटलं. ताबा देणाऱ्या करारावर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्यूटी १० डिसेंबर १९८५पासून लागू झाली. त्याआधी पाच रुपयांत काम व्हायचं. आजोबांनी काही चोरी केली नव्हती. रजिस्ट्रेशनला मात्र सबब नाही. "तेव्हा कोणी करत नव्हतं," असं बाबा म्हणतात, आणि आमच्या बिल्डिंगपुरतं ते बरंचसं खरं निघालं.

आमच्या जमिनीचा सातबारा मोबाइलवर दहा मिनिटांत मिळाला. त्यावर सोसायटी नाही, बिल्डरही नाही. मूळ शेतकऱ्याच्या वारसांची अकरा नावं आहेत. शेतकऱ्याने बिल्डरला विकसनाचा करार आणि कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. पुढे तो शेतकरी वारला, बिल्डरचं ऑफिस बंद पडलं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरची बारशी झाली, पण जमिनीच्या कागदाला आम्ही दिसतच नाही.

गिऱ्हाईक गेलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

बिल्डर सही करत नसेल तर काय, याचं उत्तर कायद्यात २००८ साली आलं: मानीव अभिहस्तांतरण. (शब्द पाठ करायला मला आठवडा लागला.) सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, बिल्डर आणि जमीनमालकांना नोटिसा जातात, सुनावणी होते, आणि पात्र ठरलो तर बिल्डरच्या सहीविना दस्त नोंदवता येतो. आदेश सहा महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. आता रेरा आलाय, त्यात भोगवटा दाखल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. पण १९८४च्या बिल्डिंगला तो काय कामाचा?

त्यामुळे विक्री बाजूला राहिली आणि मी चोवीस फ्लॅटची एक शीट बनवली. मूळ करार, स्टॅम्प, रजिस्ट्रेशन, मधल्या विक्रीचे कागद, वारसनोंद. सतरा ओळी भरल्या. एका काकूंचा करार गॅस एजन्सीच्या फाइलमध्ये सापडला. तळमजल्यावरच्या एकांचा पावसात गेला, २६ जुलैला.

पहिल्या सुनावणीला बिल्डरकडून कोणी आलं नाही. अकरा वारसांपैकी एकजण आला, बाबांच्या वयाचा. बाबांनी त्याला ओळखलं, लहानपणी तो आमच्याकडे दूध घालायचा. "आमच्या म्हाताऱ्याला जमिनीचे पुरते पैसे मिळाले का, आम्हालाही ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे त्याच्या सहीचा काही कागद असला तर मलापण एक झेरॉक्स द्या."

पुढची तारीख मिळाली. बाबा आणि तो खाली चहाला गेले. मी विकसन कराराच्या प्रतीसाठी सर्चचा अर्ज भरायला घेतला. अर्जात वर्ष विचारलं होतं. मी १९८२ लिहिलं, मग खात्री करायला खाली गेले आणि त्यालाच विचारलं, की तुमच्या आजोबांनी सही केली ती नक्की कधी.