युद्धयोजनेचे जाहीर कथन : यशवंतराव चव्हाणांची भूमिका

युद्धाची योजना व तिचे यशापयश लोकांपुढे किती उघड करावे, या प्रश्नावर भारताचे संरक्षणमंत्री (१९६२–६६) यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१९१३–८४) यांनी घेतलेली भूमिका. चुकांचे स्वरूप, त्यांवरचे उपाय आणि सैन्यबळाचे आकडे संसदेला सांगावेत; फौजांची मांडणी व अधिकाऱ्यांचे वैयक्तिक दोष सांगू नयेत, असे तिचे सार. चव्हाणांनी ती कुठे सूत्ररूपाने मांडलेली नाही. त्यांच्या निवेदनांवरून व निर्णयांवरून ती उभी राहते.

तिची मुळे १९६२ साली चीनकडून झालेल्या पराभवात आहेत. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला कोलंबोला निघताना पंतप्रधान नेहरूंनी विमानतळावर वार्ताहरांना सांगितले, की आपला प्रदेश मोकळा करण्याचा आदेश लष्कराला दिला आहे. आदेश वर्तमानपत्रांत झळकला. तो पार पाडण्याचे बळ मात्र ईशान्य सीमेवरच्या थागला भागातल्या ब्रिगेडकडे नव्हते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला चढवला. ८ नोव्हेंबरला संसद भरली तेव्हा खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी गुप्त बैठकीची सूचना केली होती. नेहरूंनी ती मानली नाही. आठवडाभर चर्चा उघड्यावर चालली आणि १६५ सदस्य बोलले. एवढे बोलणे झाले, तरी लष्कराचे नेमके काय चुकले हे कळायचे राहिलेच.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या जागी चव्हाण आले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून ते दिल्लीला निघाले तेव्हा ते संसदेचे सदस्यही नव्हते. १९६३ साली नाशिकमधून ते बिनविरोध निवडून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी झाले. सह्याद्रीच्या वाट्याला आधी आला तो मात्र पंचनामा.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९६२च्या पराभवाची चौकशी करून दिलेल्या अहवालावर चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता, गुप्तवार्ता, मुख्यालयांचे कामकाज अशा मुद्द्यांवर त्यांनी उणिवा कबूल केल्या. अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही: त्याने सुरक्षिततेला बाध येईल आणि सीमेवरच्यांचे मनोधैर्य खचेल, हे त्यांचे कारण. निवेदनातली एक गोष्ट फार बोलकी आहे. उत्तमातल्या उत्तम सैन्यालाही सरकारकडून योग्य धोरणात्मक मार्गदर्शन लागते, आणि ते सैन्याच्या संख्येशी व सामग्रीशी जुळते असावे लागते, असे चव्हाण म्हणाले. नाव कोणाचेही नाही. नेहरू तेव्हा पंतप्रधान होते. चव्हाणांच्या संयमी भाषेचा याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

१९६४ साली त्यांनी पाच वर्षांची संरक्षण योजना संसदेपुढे ठेवली. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन ही उद्दिष्टे त्यात उघडपणे सांगितली होती.

पाकिस्तानशी १९६५ साली झालेल्या युद्धात क्रमच उलटा झाला: आधी कृती, मग कथन. १ सप्टेंबरला जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी चव्हाणांनी त्याच दुपारी दिली. ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडल्यावर त्यांनी ते संसदेला सांगितले. त्या दिवसांची त्यांची खाजगी टिपणे पुढे त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांच्या पुस्तकातून लोकांसमोर आली.

या भूमिकेवरचा आक्षेप गुप्ततेच्या मुदतीविषयीचा आहे. १९६३ साली दिलेले कारण त्या काळापुरते पटते. पुढच्या सरकारांनी, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, तेच कायमचे कुलूप करून टाकले. माहिती अधिकाराखाली मागितलेला अहवाल केंद्रीय माहिती आयोगानेही २००९मध्ये नाकारला. मार्च २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला.